नळाच्या दुरुस्तीला कोणता पाना घ्यावा? पेटी उघडण्याआधी नळाचे कोपरे बघा

विचारणाऱ्या ताईंची अडचण अशी आहे. स्वयंपाकघरातल्या सिंकवरचा नळ घट्ट बंद केला तरी तोटीतून थेंब पडत राहतात. शिवाय वॉश बेसिनखाली अँगल कॉकला जोडलेला कनेक्शन पाइप आहे, त्याच्या नटापाशी कायम ओल असते (अँगल कॉक म्हणजे भिंतीतून निघणारा छोटा नळ). वडिलांची हत्यारांची पेटी घरात आहे. तिच्यात आठ डबल पान्यांचा (दोन्ही टोकांना तोंड असलेल्या) सेट, 8 इंची स्क्रू पाना (तोंड कमी-जास्त होणारा), 14 इंची पाइप पाना आणि पक्कड आहे. नळ खोलायला त्यांनी पक्कड लावली, ती घसरली आणि नटाचे दोन कोपरे थोडे गेले. आता यातलं काय वापरू, की नवीन पाना आणू, असा प्रश्न आहे.

ताई, पक्कड घसरल्यावर तिथेच थांबलात हे फार बरं केलंत. मी डोंबिवलीत 26 वर्षं प्लंबिंगचं काम करतो. ‘नळ गळतोय’ म्हणून बोलावलेल्या घरांत कितीदा असं होतं की वायसर बदलायचं काम पाच मिनिटांचं असतं, पण आधी कोणीतरी चुकीचा पाना लावून नटाचा गोळा करून ठेवलेला असतो. मग त्या पाच मिनिटांच्या कामाला तास जातो, आणि कधी कधी नळच बदलावा लागतो.

पाना कोणता, हे ठरवण्याआधी नळाचा कोणता जोड खोलायचा आहे ते ठरवा. गळक्या नळाचं नाव काढलं की लोक अख्खा नळ भिंतीतून फिरवून काढायला जातात. त्याची गरज नसते. तोटीतून थेंब पडतो म्हणजे आतलं वायसर झिजलंय किंवा स्पिंडल, म्हणजे हँडलबरोबर फिरून पाणी उघडबंद करणारा भाग, गेलंय. ते वरून, हँडलच्या बाजूने निघतं. नळाचं धड भिंतीतच राहतं. तुमच्या इमारतीत जुनी जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची, लाइन असेल, तर ही गोष्ट जपाच. तीस वर्षं पाण्यात राहिलेलं निपल, म्हणजे नळ लाइनला जोडणारा पाइपचा छोटा तुकडा, आतून गंजून कागदासारखं झालेलं असतं. नळ जोरात फिरवला की ते एल्बोच्या, म्हणजे भिंतीतल्या वळणाच्या जोडाच्या, आत तुटतं, आणि मग टाइल फोडल्याशिवाय सुटका नाही. तेव्हा सिंकवरच्या नळाचं धड हलवू नका.

आता पान्यांकडे येऊ. पान्यावर कोरलेला आकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. नळाच्या आट्यांचं माप वेगळं आणि पान्याचं वेगळं. इथे पुष्कळांचा घोळ होतो. आपल्या घरातले बहुतेक नळ ‘अर्धा इंची’ म्हणजे 15 एमएमचे. पण त्याचे आटे बाहेरून मोजले तर जवळपास 21 मिलिमीटर भरतात, कारण ते अर्धा इंच हे नाव मूळ पाइपच्या आतल्या भोकावरून पडलेलं आहे. त्या आट्यांवर बसणारा नट तर त्याहून मोठा असणार. कनेक्शन पाइपच्या नटाला सहसा 24 नंबरचा पाना लागतो. गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या वॉल मिक्सरचे मोठे नट पाऊण इंची आट्यांवर बसतात, त्यांना बहुतेक वेळा 30 लागतो. हँडलखालच्या स्पिंडलचा षटकोन मात्र लहान असतो. आजकालच्या हाफ टर्न (अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या) स्पिंडलला 17 ते 19 मध्ये काहीतरी बसतं. जुन्या, वायसरच्या नळाचा वरचा भाग याहून मोठा असतो आणि कंपनीगणिक बदलतो.

म्हणून तुमच्या आठ पान्यांच्या सेटची गंमत बघा. तो 6-7 ला सुरू होतो आणि 20-22 ला संपतो. स्कूटरला, सायकलला, कपाटाला तो पुरतो. नळाच्या कनेक्शनचं काम सुरू होतं 24 ला. म्हणजे हा सेट स्पिंडलसाठी उपयोगाचा आहे, बेसिनखालच्या नटासाठी नाही. त्यासाठी अख्खा बारा पान्यांचा सेट घ्यायची गरज नाही. 24-27 चा एक सुटा डबल पाना कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तेवढा आणा. वॉल मिक्सर असेल तर जोडीला 30-32. वडिलांच्या पेटीत कदाचित इंची मापाचे जुने पानेही निघतील. 1 इंची पाना 24 च्या नटावर चढतो, म्हणून लोक तो लावतात. पण 1 इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. मध्ये जवळपास दीड मिलिमीटर मोकळं राहतं, आणि तेवढी ढिलाई पितळेचे कोपरे खायला पुरेशी आहे. पितळ मऊ असतं. लोखंडी नट जे सोसतो ते पितळी नट सोसत नाही.

तुमच्याकडे 8 इंची स्क्रू पाना आहे. सगळ्यात जास्त प्रश्न मला या पान्याबद्दलच येतात, म्हणून इथे जरा थांबतो. साध्या बनावटीचा 8 इंची स्क्रू पाना पूर्ण उघडला तर तोंड साधारण 24-25 मिलिमीटर होतं. म्हणजे 24 चा नट त्यात बसतो, पण अगदी टोकाला. जबडा इतका बाहेर आला की तो डुलायला लागतो. चिमटीत धरून हलवून बघा, कळेल. डुलणारा जबडा ताण पडला की थोडा फाकतो आणि कोपऱ्यावरून सटकतो. तेच 10 इंची पान्याचं तोंड 29-30 पर्यंत उघडतं, त्यामुळे 24 चा नट त्यात आरामात, खोलवर बसतो. पण दांडा लांब झाला की पीळ वाढतो, आणि पुढे सांगतो त्या कारणाने तोही धोका आहे. यातून निघायची वाट अशी की आता बाजारात आखूड दांड्याचे आणि मोठ्या तोंडाचे स्क्रू पाने मिळतात. दांडा 6 इंची, पण तोंड 30 च्या पुढे उघडणारं. जबडेही पातळ असतात. घरच्या नळकामासाठी एकच पाना घ्यायचा म्हणालात तर मी हाच घ्यायला सांगेन. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, हत्यारांच्या बाजारात, गेलात तर दहा तऱ्हेचे दिसतील. हातात घेऊन जबडा अर्धा उघडा आणि हलवून बघा. डुलत असेल तर ठेवून द्या, कितीही चकचकीत असला तरी.

स्क्रू पाना लावायची रीत आहे, आणि ती घरोघर उलटी केलेली बघतो. त्याचा एक जबडा दांड्याशी सलग असतो, दुसरा चाकीवर सरकतो. जोर सलग जबड्यावर आला पाहिजे. म्हणजे पाना ज्या दिशेला फिरवायचा, त्या बाजूला सरकता जबडा ठेवायचा. खोलताना एक बाजू, आवळताना पाना उलटा करून दुसरी बाजू. लावल्यावर चाकी फिरवून जबडा नटावर पुरता आवळा, मग पाना जरासा हलवा, परत आवळा. मध्ये कागद जाईल इतकीही फट नको. आणि पाना नटाच्या टोकावर नाही, पार आत जबड्याच्या तळापर्यंत सरकवा.

आता तुमचा 14 इंची पाइप पाना. तो पेटीतच राहू द्या. पाइप पाना गोल वस्तू फिरवायला बनवलेला आहे. ज्याला कोपरे नाहीत असा पाइप दातांनी चावून धरायचा, हे त्याचं काम. अमेरिकेत 1869 साली डॅनियल स्टिल्सनने त्याचं पेटंट घेतलं तेही वाफेच्या पाइपांच्या जमान्यात. म्हणूनच काही जुने मिस्त्री त्याला अजून स्टिल्सन म्हणतात. जितका जोर लावाल तितका तो जास्त चावतो. जीआयच्या पाइपवर हे हवंच असतं. क्रोमच्या नळावर मात्र एकदा दात उमटले की ती खूण जात नाही, आणि तिथून क्रोम सुटून हिरवट डाग चढायला लागतो. फडकं गुंडाळून लावला तरी दात फडक्यातून आत जातात. ज्या वस्तूला सपाट बाजू आहेत तिला गुळगुळीत जबड्याचा पाना. ज्या वस्तूला त्या नाहीत आणि जिचा चेहरा जपायचा नाही तिलाच पाइप पाना.

दुसरं कारण त्याच्या लांबीचं. 6 इंची पान्यावर तुम्ही 10 किलोचा ओढा दिला आणि तेवढाच ओढा 14 इंची पान्यावर दिला, तर आट्यांवर सव्वादोन पटीहून जास्त पीळ पडतो. हाताला काहीच जाणवत नाही. हे मला माझ्या हाताने शिकावं लागलं. सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकचे पाइप आमच्याकडे नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. तोवर माझा हात जीआयवर बसलेला. चौथ्या मजल्यावर बाथरूमचा नळ बसवत होतो. नळ घट्ट झाला, पण तोंड थोडं तिरकं राहिलं. सरळ खाली यावं म्हणून 14 इंची पान्याने आणखी पाव फेरा दिला. भिंतीच्या आत ‘टच्’ असा बारीक आवाज आला. पाणी सोडलं, काही गळलं नाही, म्हणून मी निघालो. आठ दिवसांनी खालच्या घरातल्या काकूंच्या छताला ओल आली. टाइल काढून बघतो तर एल्बो उभा चिरलेला. नळाचे आटे पाचरीसारखे असतात, जितके आत जातील तितके एल्बोला आतून फाकवतात. त्यात मी आट्यांवर टेफ्लॉनची पट्टीही भरपूर गुंडाळलेली. टाइल, एल्बो, खालचा रंग, सगळं माझ्या खर्चाने करून दिलं. तेव्हापासून सीपीव्हीसीवर 10 इंचापेक्षा लांब पाना मी लावलेला नाही. नळाचं तोंड सरळ येत नसेल तर नळ काढून टेफ्लॉनचे दोन-चार वेढे कमी-जास्त करतो. उलट फिरवून मात्र सरळ करत नाही, कारण आवळलेले आटे मागे आणले की जोड हमखास पाझरतो.

आता तुमच्या सिंकवरच्या नळाचं काम, हातात घेऊन करतोय असं समजा. आधी पाणी बंद. घरात मेन कॉक असेल तर तो, नाहीतर सोसायटीच्या माणसाला सांगून गच्चीवरचा तुमच्या लाइनचा व्हॉल्व. मग नळ उघडून आतलं पाणी जाऊ द्या. सिंकच्या भोकावर फडकं टाका, स्क्रू एकदा आत गेला की गेला. हँडलवरची लाल किंवा निळी टोपी पातळ ब्लेडने अलगद उचला. खाली स्क्रू दिसेल, तो काढून हँडल वर ओढा. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चाललेला नळ असेल तर हँडल क्षाराने धरलेलं असतं. तिथे जोर करू नका. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, पण क्रोमवर त्याहून जास्त वेळ नको. काही नळांना हँडलखाली एक गोल झाकण असतं, ते हाताने फिरतं. हाताने नाही फिरलं तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून धरा, रबराने पकड येते.

मग षटकोन दिसतो. तुमचे दोन कोपरे गेलेत, पण कोपरे सहा असतात. त्यामुळे पहिला प्रयत्न रिंग पान्याने, म्हणजे बंद गोल तोंडाच्या पान्याने, करा. डबल पाना दोन बाजू धरतो, रिंग पाना सहाही कोपऱ्यांवर जोर वाटून घेतो, म्हणून निम्मे-अर्धे खराब झालेले नट त्याने सुटतात. हँडल काढलेलं असल्यामुळे स्पिंडलच्या दांडीवरून तो सरळ खाली जातो. वाकडा रिंग पाना असेल तर आणखी चांगलं, बोटं नळावर आपटत नाहीत. डाव्या हाताने तोटीच्या मुळाशी नळाचं धड घट्ट धरा किंवा दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, म्हणजे सगळा पीळ भिंतीतल्या जोडावर जाणार नाही. आणि ओढत राहू नका. दांड्याच्या टोकावर तळहाताने छोटा झटका द्या. अडकलेले पितळी आटे दमादमाने लावलेल्या जोराला दाद देत नाहीत, झटक्याला देतात. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला की समजा सुटला. पुढचं बोटांनी फिरतं.

रिंग पानाही फिरून गेला तर समोरासमोरच्या दोन बाजू कानशीने घासून सपाट करा आणि त्यावर स्क्रू पाना आवळून लावा. तेवढंही होत नसेल, आणि स्पिंडल टाकूनच द्यायचं ठरलं असेल, तर तिथे 8 किंवा 10 इंची छोटा पाइप पाना चालतो. फेकायच्या वस्तूवर दात उमटले तर काही बिघडत नाही. जबड्याचं तोंड ज्या बाजूला उघडं, त्या बाजूला फिरवा. पाइप पाना दुसऱ्या बाजूला धरत नाही.

बाहेर आलेला भाग बघा. टोकाला काळं रबरी वायसर दिसलं तर नळ जुन्या पद्धतीचा. वायसरवर गोल चर पडलेली असेल, तीच गळती. नवीन वायसर घालण्याआधी नळाच्या आत बोट घालून बैठक, म्हणजे वायसर जिथे टेकतं ती गोल कडा, चाचपा. कडा गुळगुळीत लागली तर ठीक. नखाला खाच लागली तर नवं वायसरही महिन्याभरात कापलं जाईल, तिथे मिस्त्रीला बोलावून बैठक घासून घ्या. वायसरऐवजी दोन भोकांची पांढरी चकती दिसली तर ते हाफ टर्न स्पिंडल, आत सिरॅमिक. घरी त्याची दुरुस्ती करत बसण्यात अर्थ नाही, अख्खं बदलायचं. जुनं स्पिंडल दुकानात घेऊन जा. लांबी, खालचे आटे आणि हँडल बसतं तिथले दाते, तिन्ही जुळले पाहिजेत. दाते नुसते बघून सारखेच वाटतात, पण एक-दोनचाही फरक असला तर हँडल बसत नाही किंवा फिरून जातं. म्हणून हँडलही बरोबर न्या आणि दुकानातच चढवून बघा.

परत बसवताना स्पिंडल आधी पूर्ण उघड्या स्थितीत आणा, नाहीतर वायसर बैठकीवर दाबलं जाऊन चेंगरतं. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्या. बोटांनी सहज फिरत नसेल तर आटे तिरके चढलेत, काढून परत लावा. पाना फक्त शेवटी, टेकल्यावर अंदाजे अष्टमांश फेरा. इथे टेफ्लॉन नको, स्पिंडलला स्वतःची रबरी रिंग असते.

बेसिनखालच्या ओलीचं काम याहून सोपं आहे. त्या नटाच्या आत रबरी वायसर असतं आणि पाणी तेच अडवतं, आटे नाहीत. ओल दिसली की लोक नट आणखी आवळतात, वायसर चिरतं आणि ओल वाढते. अँगल कॉक बंद करा. एका हाताने अँगल कॉक धरून 24 च्या पान्याने नट सोडवा. रिंग पाना इथे चालत नाही, पाइप मध्ये येतो. जुनं वायसर काढा, नवीन बसवा. हाताने जितकं आवळेल तितकं आवळा आणि पान्याने पाव फेरा. त्या आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळलेलं असेल तर काढून टाका, त्याने नट पुरता आत जात नाही आणि वायसर नीट दाबलं जात नाही. त्याच वेळी शेजारच्या प्लॅस्टिकच्या बॉटल ट्रॅपला, म्हणजे सांडपाण्याच्या बाटलीसारख्या भागाला, पाना लावायचा मोह होईल. त्याचे नट हातानेच आवळायचे असतात.

बेसिनच्या मागे वर, पिलर कॉकचा, म्हणजे बेसिनवर उभ्या असलेल्या नळाचा, नट कधी खोलायची वेळ आली तर मात्र साध्या पान्याचा उपयोग नाही. तिथे पाना फिरवायला जागाच नसते. त्याला लांब दांड्याचा, टोकाला वळणारं तोंड असलेला बेसिन पाना किंवा पोकळ बॉक्स पाना लागतो. वर्षातून एकदा लागणाऱ्या कामासाठी तो विकत घेण्यापेक्षा शेजारच्या मिस्त्रीकडून तासाभरासाठी मागून आणा.

दोन्ही कामं झाली की पाणी सोडा, नळ दोन-तीनदा उघडून बंद करा, आणि जोड कोरड्या फडक्याने पुसून घ्या. रात्री झोपताना बेसिनखाली वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा. बारीक पाझर डोळ्यांना दिसत नाही, पण सकाळी कागदावर गोल डाग उठलेला दिसतो. डाग असेल तर नटाला आणखी अष्टमांश फेरा द्या आणि दुसऱ्या रात्री नवा कागद ठेवा.